शकू पोकळेनं आणलेलं स्थळ

धायरीच्या शकू पोकळेला खोटं बोलायचा पगार मिळायचा. असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं तर ती चिडायची नाही. पदर सावरून म्हणायची, "पगार कसला, मानधन. आन् खोटं कसलं, निमित्त."

हे मानधन द्यायची 'ओलावा' नावाची संस्था. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याला, एका झेरॉक्सच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या. आत मोजकी माणसं आणि कायम बिघडलेला पंखा. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण गोळ्या मिळणं वेगळं आणि त्या रोज, न चुकता, जन्मभर गिळणं वेगळं. माणूस काही महिने नेमानं घेतो, अंगावर मांस चढतं, चेहरा तुकतुकीत होतो, आणि मग एखाद्या सकाळी तो ठरवूनच टाकतो की आपल्याला कधी काही झालंच नव्हतं. दवाखान्याचा नंबर ब्लॉक. संस्थेचा नंबर ब्लॉक. अशा माणसाला हुडकायचं, गोडीत सांगायचं, नाही ऐकलं तर कान धरून आणायचं, हे शकूचं काम. संस्था चालायची देणग्यांवर. निवृत्त बँकवाले होते, एक मिठाईवाला होता, आणि डिसेंबरात, एड्स दिनाला, हिंजवडीच्या एका कंपनीची मंडळी यायची. छातीला लाल रिबिनी लावून फोटो काढायची, केळी वाटायची आणि ट्रॅफिक व्हायच्या आत निघून जायची. मैत्री गायकवाड, म्हणजे संस्थेची समुपदेशक, वैतागायची. शकू म्हणायची, "येऊ द्या की. फोटोपायी का होईना, माझ्या रिक्षाचं भाडं सुटतंय."

आता अडचण अशी की, शकूनं दारात जाऊन सांगायचं काय? बहुतेक ठिकाणी घरच्यांना पत्ता नसतो. नोंदणी करतानाच माणूस बजावतो, घरी आलात तर आजाराचं नाव काढायचं नाही. आणि आमच्या पुण्यात अनोळखी बाई दारात दिसली की 'कोण हवंय?' असं विचारायच्या आधीच 'काही नको' हे उत्तर तयार असतं. साड्या विकायला म्हणून गेली, तर वॉचमननं गेटावरनंच वाटेला लावली. सरकारी पाहणी आहे म्हणाली, तर एका आजोबांनी तिच्याकडं ओळखपत्र मागितलं, ते नाही म्हटल्यावर चौकशी समितीसारखी उलटतपासणी घेतली. असं सगळं करून झाल्यावर शकूला रामबाण उपाय सापडला. स्थळ! घरात लग्नाचं पोरगं असेल आणि बाईनं नुसतं म्हटलं, "एक स्थळ हाय, म्हणलं बगून यावं," की वॉचमन बाजूला होतो, कुत्रं बांधलं जातं, आणि आत चहाचं आधण चढतं. "मुलाशी दोन शब्द बोलते," म्हटलं की आई स्वतःहून आत जाते. तेवढ्यात काम होतं. नंतर फोन करून सांगायचं, मुलीचं दुसरीकडं जमलं.

मैत्रीला हे अजिबात पसंत नव्हतं. "शकूताई, हे एथिकल नाहीये हं. एखाद्या आईनं खरंच धरून ठेवलं तर?"

"स्थळं काय, येत्यात आन् जात्यात. कोण धरून बसतंय?" असं शकू म्हणाली खरी. वाघोलीच्या मुक्ताई सातवांना ती तोवर भेटली नव्हती.

मुक्ताईंचा मुलगा पृथ्वीराज. पाण्याचे टँकर चालवायचा, म्हणजे टँकर त्याचे आणि चालवणारे दुसरे. पण ड्रायव्हर आला नाही की हाच चाकावर बसायचा. रक्तदान करायला हौसेनं गेला होता, तिथनं निरोप आला की येऊन भेटा. तेव्हापासून गोळ्या सुरू झाल्या. पोरगं गुणी. तारखेला दवाखान्यात यायचा, कोपऱ्यात उभा राहायचा, गोळ्या घ्यायचा आणि जायचा. दिवाळीनंतर मात्र आलाच नाही. मैत्रीनं फोन करून करून बोटं झिजवली. शेवटी शकूला म्हणाली, "जाऊन या. पण जपून. त्याच्या घरात कुण्णालाही माहीत नाहीये."

वाघोलीत सातवांच्या शेताचे आता टॉवर झाले आहेत. घर तीन मजली, वरचे दोन मजले कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलेले, आणि एवढं सगळं असून दारात म्हैस बांधलेली. मुक्ताईंनी स्थळ हा शब्द ऐकला आणि शेणाचे हात धुऊन त्या अशा लगबगीनं आल्या, की शकूला पहिल्यांदा जरा चोरट्यासारखं झालं.

"बसा, बसा. गाव कंचं म्हणायचं आपलं?"

"धायरी."

"आडनाव?"

"पोकळे."

"आन् माहेर?"

इथं शकूची चूक झाली. बाई खोटं बोलण्यात पटाईत. नोकरी, वय, पत्ता काहीही ठोकून द्यायची. पण गाव, माहेर आणि कूळ विचारलं की तिच्याच्यानं खोटं बोलवेना. कुळाबद्दल कोण खोटं बोलतं? तोंडातनं आपोआप खरं बाहेर पडलं. "माहेर मांजरीचं. घुल्यांची लेक मी."

"अगंबाई! माझी मावळण, सख्खी आत्या, मांजरीत दिलीय!" मुक्ताईंचा चेहरा उजळला. झालं. आता शकू परकी राहिली नाही, नात्यातली झाली. पोहे आले, वर चहा, वर निघताना न्यायला खरवस. "आन् मुलगी कुणाची? नाव काय?"

समोर रस्त्यापलीकडं एका ब्युटी पार्लरची पाटी होती. शकूनं ती वाचली आणि म्हणाली, "शेफाली. माझी भाचीच की. बीकॉम झालीय."

"शेफाली," मुक्ताईंनी ते नाव जिभेवर घोळवून बघितलं. मग आत हाक मारली आणि पृथ्वीराजला बाहेर पाठवून स्वतः तूप कढवायला निघून गेल्या.

पोरगं बाहेर आलं. खांद्यावरनं शर्ट ओघळलेला, डोळे आत गेलेले, बोलायच्या आधी खोकला. इतक्या वर्षांत अशी पोरं तिनं पाहिली होती, आणि त्यातली सगळी परत आली नव्हती.

"ओलावातनं आलेय," ती हळूच म्हणाली. "मैत्री मॅडमनी धाडलंय. गोळ्या सोडल्यास व्हय?"

त्यानं आधी आतल्या दाराकडं बघितलं. मग खाली बसला. "मावशी, आईनं दिवाळीपासनं पोरींची लाईन लावलीये. दर रविवारी एक. प्रत्येकीत मी खोट काढतो. ही बुटकी, ती फार बोलते. चांगल्या पोरी होत्या ओ. तोंड पाडून जायच्या, आणि माझी आई रात्रभर रडायची. गोळीची बाटली बघितली की वाटायचं, ही एवढीशी गोळी माझ्या सगळ्या आयुष्याला आडवी आलीये. दिली एक दिवस ओढ्यात फेकून. आणि आता तुम्हीपण स्थळच घेऊन आलात?"

शकू पुढं सरकली. "अरे, गोळ्या नीट घेतल्या तर लगीनबी करता येतं. पोरीला सांगून, डॉक्टरांना विचारून. लेकरंबी निरोगी व्हत्यात."

"सांगून? मी माझ्या आईला सांगू शकत नाही, आणि पोरीला सांगू?" त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर तो उठून सरळ टँकरकडं गेला. शकू खरवसाचा डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. जे औषध म्हणून आपण घेऊन आलो तोच ह्या पोराचा रोग होता, हे तिला कळून चुकलं होतं.

मैत्रीनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "खोकतोय? ताप?"

"असंलच."

"टीबी असणार शकूताई. फार दिवस नाहीयेत आपल्या हातात."

"मग आईलाच सांगून टाकते. बाई मायाळू हाय."

"नाही!" मैत्री एरवी आवाज चढवायची नाही. "ते त्याचं त्यानं सांगायचं. आपण एकदा कुणाचं गुपित फोडलं ना, तर उद्या ह्या जिन्यावर एक माणूस चढणार नाही. तुमचं नाव मी कुणाला सांगितलं असतं तर?"

शकूचं नावही एकेकाळी ह्याच जिन्यावरून वर आलं होतं. धायरीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या लेकीचं सासर तर पलीकडच्याच गल्लीत होतं, आणि त्या घराला अजून वाटायचं की विहीणबाई विश्रांतवाडीला पोळ्या लाटायला जातात.

इकडं मुक्ताईंचे रोज फोन. पत्रिका कधी देता? मुलीला दूध म्हशीचं आवडतं का गाईचं? शेवटी शकूनं मन घट्ट करून ठरलेलं वाक्य टाकलं, "ताई, पोरीचं दुसरीकडं जमलं बगा."

मुक्ताई नुसतं म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. शकूनं सुटकेचा निःश्वास टाकला. एवढी जुनी जाणती बाई, पण ही गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही: मांजरीत मावळण असलेली बाई नुसतं बरं म्हणून कशी गप्प बसेल?

रविवारी सकाळी शकू भाकरी थापत होती. दोन खोल्यांचं घर, जुन्या गावठाणातलं, पुढं सामाईक गॅलरी. खाली गाडी थांबली. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात मुक्ताई उभ्या राहिल्या. जरीची साडी, तोंड लालबुंद. मागं भिंतीला टेकून पृथ्वीराज, हातात गाडीची किल्ली, घामानं निथळलेला. आईनं बस म्हटलं म्हणून गाडी चालवत आला होता. कुठं आलोय हे त्याला शकूचं तोंड दिसल्यावर कळलं.

"मांजरीत शेफाली नावाची पोरगीच नाय," मुक्ताई म्हणाल्या. "मावळणीनं घर न् घर पालथं घातलं, तुमचा पत्ताबी काढला. तुमी घुल्यांच्या, ते खरं निघालं. पोकळे, तेबी खरं. मग पोरगी तेवढी खोटी कशापायी?"

शकूनं पृथ्वीराजकडं बघितलं. त्यानं मान अगदी थोडी हलवली. नका सांगू. एवढीशी हालचाल, पण त्या पोराचं सगळं त्यात आलं.

आता खरं सांगावं तर पोराचा विश्वास मोडतो. पोरगं परत कुठल्याच दवाखान्याची पायरी चढणार नाही आणि पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. अर्धं खरं सांगावं, तर मुक्ताई अर्ध्यावर थांबणारी बाई नव्हे. आमच्याच घरी का आलीस, हा पुढचा प्रश्न ठरलेला. शकूनं पिठाचे हात पदराला पुसले.

"मी लबाड बाई हाय, ताई," ती म्हणाली. "स्थळाच्या नावानं लोकांच्या घरी जाते. चहा-पाणी व्हतं, कुणी जेवू घालतं, कुणी डबा देतं. एकटी बाई, खपून जातं. तुमच्याकडंबी तशीच आले व्हते."

मुक्ताईंना हे ऐकायचंच नव्हतं बहुतेक. आणि मग जी सुरुवात झाली म्हणता!

"खरवसासाठी? मुडद्ये, खरवसासाठी माझ्या पोराच्या जिवाशी खेळलीस? नुसतं मागितलं असतंस तर घमेलंभर दिला असता! आठ दिस झाले, पोरगं तापानं फणफणतंय. भाकर मोडत नाय. मी म्हणते, स्थळ मोडल्याचं मनाला लावून घेतलंय पोरानं. रातभर उशाशी बसून त्याची समजूत घालतीय, दुसरी मिळंल रे, दुसरी मिळंल! आन् ही भवानी हितं भाकऱ्या थापतीय!" त्या गॅलरीत गेल्या. "या गं बायांनो, बघा तुमची शेजारीण! घरोघर फसवत हिंडती! कुणाच्या घरात हिची लेक सून म्हणून असंल तर सांगा त्यांनाबी!"

दारं उघडली. बायका बाहेर आल्या. खालच्या नळावरची सुद्धा बादली टाकून वर बघायला लागली. शकूनं मान खाली घातली. संध्याकाळच्या आत हे लेकीच्या सासरी पोचणार, विहीणबाई चोर निघाल्या म्हणून; तिला ते स्वच्छ दिसत होतं. तिला राग आला, स्वतःचा, मुक्ताईंचा, सगळ्या जगाचा. पण तवा जळायला लागला तेव्हा तिनं गॅस बंद केला, एवढंच.

"आई, बास!"

पृथ्वीराजनं आईला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. धापा टाकत दाराला पाठ लावून उभा राहिला.

"खोटं बोलतायत त्या. डब्यासाठी नव्हत्या आल्या. माझ्यासाठी आल्या होत्या."

"तुझ्यासाठी? तुझं काय?"

त्यानं आईकडं बघितलं नाही. समोरच्या परातीकडं बघत म्हणाला, "मला एचआयव्ही आहे, आई. दोन वर्षं झाली. गोळ्या चालू होत्या, त्या मी बंद केल्या. त्या चालू करायला मावशी आल्या होत्या. मी घरी सांगू नका म्हटलं होतं. म्हणून ह्या आत्ता इथं शिव्या खात उभ्या आहेत."

मुक्ताई मटकन खाली बसल्या, पिठाच्या डब्याशेजारी, जरीच्या साडीसकट.

"त्यो तर," त्या म्हणाल्या, "त्यो तर वाईट वळणाच्या माणसांना व्हतो."

"माणसांना व्हतो, ताई," शकू म्हणाली. "मलाबी हाय."

मुक्ताईंनी तिच्याकडं बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. धिप्पाड, काळी कुळकुळीत, दंडावर घट्ट झालेली चोळी, तोंडावर गॅसपुढचा घाम.

"तुमाला?"

"माझी लेक बालवाडीत व्हती तवा कळलं. मालक त्यातच गेले. आज ती लेक दोन पोरांची आई हाय, तिला काय बी नाय, तिच्या पोरांना काय बी नाय. मी रोज एक गोळी खाते आन् वर दोन भाकऱ्या खाते. तुमचा पोरगाबी खाईल. पण आज-उद्याच दवाखान्यात न्यायला पायजे. हा खोकला चांगला नाय."

"म्हंजे मरत नाय?"

"गोळ्या सोडल्या तर मरतो. घेतल्या तर म्हातारा व्हतो."

मुक्ताई उठल्या, पोरासमोर गेल्या आणि दोन्ही हातांनी त्याला मारायला लागल्या. खांद्यावर, दंडावर, पाठीवर, जिथं लागेल तिथं.

"दोन वर्सं! दोन वर्सं माझ्या हातचं खाऊन मला सांगितलं नाईस? मी कोण लागते रं तुझी? शेजारीण लागते? पोरी दाखवीत बसले मी! नटून-थटून, पोहे करून! आन् तू आतल्या आत मरत व्हतास!"

"तुला सहन झालं नसतं," पृथ्वीराज मार खात म्हणाला. "तू मेली असतीस, आई."

"आन् तू मेल्यावर मी काय नाचणार व्हते?"

तिथं त्यांचे हात थांबले. त्याच हातांनी त्यांनी त्या सहा फुटी पोराला खाली ओढलं, त्याचं तापलेलं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि मग गळा काढून रडल्या. पोरगंही रडलं. दोन वर्षांत रडलं नव्हतं तेवढं एका दमात रडून घेतलं.

शकू परातीपाशी पाठ करून उभी राहिली. तिनं जेव्हा आपल्या आईला सांगितलं होतं, तेव्हा आई एक शब्द वाकडा बोलली नव्हती. आवाज चढवला नव्हता, हात उगारला नव्हता. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं, शकूची पिशवी भरून ओसरीवर आणून ठेवली होती, आणि म्हणाली होती, "सांभाळून जा. आता इकडं यायचं करू नकोस." इतकी वर्षं शकू लोकांना सांगत आली होती की, माझी आई फार शांत बाई, कधी अंगाला बोट लावलं नाही.

मागं मुक्ताईंनी पोराच्या पाठीत आणखी एक धपाटा घातला. शकूला त्या पोराचा हेवा वाटला, सरळसरळ हेवा वाटला. मग तिनं पदरानं डोळे पुसले, फोन काढला आणि उद्या सकाळी आम्ही तिघं येतोय म्हणून मैत्रीला सांगितलं.